कॉलरशी बोलणारे व्याही

माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या सदऱ्याच्या कॉलरशी बोलणारा माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. व्याह्याबद्दल चांगलं कोण बोलतो, असं तुम्ही म्हणाल. मी बोलणार आहे, पण आधी माझी तक्रार सांगून मग बोलणार आहे. पालघर स्टेशनाबाहेर माझं कापडाचं दुकान आहे. खांद्यावर कटपीसचं गाठोडं टाकून पाम, माकुणसार, केळवं अशी गावं पायी हिंडून मी ते उभं केलं. आजवर मला कोणी काही फुकट दिलं नाही आणि मी कोणाकडे काही मागितलं नाही. समोरच्याने भाव सांगावा, मी हसावं, उठून चपलांत पाय घालावेत आणि त्याने मागून हाक मारावी, एवढीच माझी विद्या. ती मुंबईच्या घाऊक बाजारातल्या भल्याभल्यांवर चालली. तारापूरच्या एका वाडीवाल्यावर मात्र चालली नाही. मी चपला घातल्या की हा गृहस्थ शांतपणे म्हणायचा, "सांभाळून जा, व्याहीबुवा. पायरीवर शेवाळ हाय."

तारापूर गावात त्यांची नारळाची वाडी होती. पोटापुरतं पिकत होतं, मुलगी एकच, व्यसन नाही, हौस एकच. जुने कपडे. ताग्याच्या टोकावरचे मिलचे छाप, कापडाच्या गठ्ठ्यांवर चिकटवलेली रंगीत चित्रांची तिकिटं, कॉलरच्या आतली लेबलं, आणि लेबल कापून घेणं जिवावर आलं तर अख्खा कोटच, असा त्यांचा संग्रह होता. तो पत्र्याच्या ट्रंकांत, कडुनिंबाचा पाला आणि वेखंड घालून ठेवलेला असे. स्वतःच्या अंगावर मात्र एक ठिगळाचं धोतर आणि एक सदरा. विहीणबाई म्हणायच्या, "मेलेल्यांच्या लुगड्यांना दर महिन्याला ऊन दाखवतात. जित्या बायकोच्या लुगड्याला ठिगळ लावायला दोरा नाय घरात." त्यावर व्याही गंभीरपणे विचारायचे, "कुठच्या रंगाचा पायजे?" आणि तो दोरा शोधायला जे ट्रंकेत शिरायचे ते जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर येत नसत.

तरुणपणी म्हणे पालघरला विलायती कपड्यांची होळी झाली होती. लोक त्वेषाने टोप्या, कोट, साड्या आगीत टाकत होते, आणि हे कात्री घेऊन कडेला उभे. प्रत्येकाला अडवून विनंती करत होते, "जाळा, खुशाल जाळा. फक्त येवढं लेबल काढू द्या." स्वयंसेवकांना वाटलं हा सरकारचा माणूस. पोलिसांना वाटलं हा स्वयंसेवक. दोघांनीही आपापल्या परीने समजूत घातली. व्याही सुजलेल्या डोळ्याने घरी आले ते मुठीत आगगाडीच्या इंजिनाचं चित्र असलेलं एक तिकीट घेऊन. ते मी पाहिलंय. एक कोपरा जळका आहे. तो जळका कोपरा दाखवताना ते म्हणायचे, "येवढं देशासाठी गेलं."

कापड ओळखायची त्यांची एक पद्धत होती. आधी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून कानाशी चोळायचं आणि ऐकायचं. मग उजेडासमोर धरायचं. मग एक सूत ओढून काढायचं, काडीने पेटवायचं आणि डोळे मिटून वास घ्यायचा. कापड ट्रंकेतलं असेल तर कोणाची हरकत नव्हती. पण ते पाहुण्यांच्या अंगावरचंही काढायचे. टेरिलिन नवीन आलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्याचा सदरा घालून तारापूरला गेलो होतो. त्यांनी माझ्या बाहीचं सूत काढलं, पेटवलं, ते वितळून त्याचा काळा मणी झाला. बराच वेळ त्या मण्याकडे बघून ते म्हणाले, "व्याहीबुवा, हे कापड नाय. ही मेणबत्ती हाय. चुलीपासून लांब बसा." त्या वर्षी मी टेरिलिनचा भरपूर माल भरला होता.

हे सगळं आमच्या पहिल्याच भेटीत मला कळायला हवं होतं. मुलाच्या लग्नाची बोलणी करायला मी बायको आणि चार वजनदार माणसं घेऊन त्यांच्याकडे गेलो. अंगात माझा ठेवणीतला लोकरी कोट. चहा आला, पोहे आले, पण यजमानांची नजर माझ्या छातीवर. शेवटी उठले, जवळ आले, माझ्या कोटाची कॉलर उलटी करून वाचली आणि म्हणाले, "हा कोट तुमच्या अंगासाठी शिवलेला नाय." चारही वजनदार माणसांनी बशीत बघितलं. कोट मी मुंबईच्या जुन्या बाजारातून घासाघीस करून आणला होता हे खरं. पण ते सांगायची ही वेळ होती का? त्यांचं पुढचं वाक्य होतं, "असा शिंपी आता पैदा व्हायचा नाय, जिवापाड सांभाळा." ते कोणी ऐकलंच नाही. माझं टाळकं सडकलं. मी ठरवलं, आता मानपानात या माणसाला घाम फोडतो. वऱ्हाड वाढवून सांगितलं. ते म्हणाले, "बरं." जेवणात दोन पक्वान्नं सांगितली. "बरं." बँड सांगितला. "बरं." सगळी तयारी करून आखाड्यात उतरावं आणि समोरच्याने स्वतःहून आडवं पडावं, तसं झालं. घरी येताना बायको म्हणाली, किती चांगली माणसं! मी बोईसरपर्यंत कोटाची कॉलर आत दुमडत होतो.

त्यांच्याबरोबर कुठे जाणं ही शिक्षा होती. सफाळ्याला एका घरचा म्हातारा गेला म्हणून आम्ही दोघं समाचाराला गेलो होतो. मुलगा रडत होता, बाया रडत होत्या, आणि व्याह्यांची नजर खुंटीवरच्या कोटावर. मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. ते मुलाला म्हणाले, "वडलांनी हा कोट उलटवून शिवला होता ना? खिसा उजवीकडे आलाय." मी जमिनीत जायच्या बेतात होतो. मुलाने डोळे पुसले, कोटाकडे बघितलं आणि सांगायला लागला, वडिलांनी हा कोट कुठे घेतला, झिजल्यावर आतली बाजू बाहेर करून पुन्हा कसा शिवून घेतला, तो घालून आपल्याला शाळेत कसं घातलं. सांगता सांगता हसलासुद्धा. निघताना त्याने माझा नाही, व्याह्यांचा हात धरला. मी पदरमोड करून हार नेला होता.

कोळीवाड्यात तर त्यांना बघितलं की बायका पदर खोचून घ्यायच्या. जुन्या विणीचा काठ दिसला की हे टोपलीसमोर उकिडवे बसायचे आणि नजर टोपलीच्या वर. एकीने माझ्यासमोर झापलं, "ए काका, म्हावरा बघ म्हावरा! लुगडा कशाला बघतं? घरी बायको नाय का तुला?" हे अगदी कळवळून म्हणाले, "बाय, हा काठ आता कोण विणत नाय गो." "मंग मी काय करू, तुला फाडून देऊ? बोंबील घे नायतर वाट सोड!" त्यांनी बोंबील घेतले. काठ बघायची फी म्हणून ते नेहमीच बोंबील घेत, सांगेल त्या भावाने. हे बघून माझा जीव तळमळायचा.

पुढे तारापूरला वीज केंद्राचं काम सुरू झालं, बोईसर मजुरांनी भरलं आणि परदेशी इंजिनियर राहायला आले. एके दिवशी निरोप आला, व्याह्यांना फाटकावर धरून ठेवलंय. गेलो. हे स्टुलावर बसलेले, आणि शेजारी रखवालदार काठी घेऊन. तो म्हणाला, "ये बुढ्ढा साहब का पतलून चुरा रहा था." व्याही शांतपणे म्हणाले, "चुराया नाय. पढता था." दोरीवर वाळत घातलेली विजार उलटी करून हे कमरेच्या आतलं लेबल वाचत उभे होते. वाचायला चष्मा लागायचा, म्हणून वेळ गेला आणि सापडले. मी रखवालदाराशी आवाज चढवून, मग उतरवून, मग त्याच्या गावची चौकशी करून त्यांना सोडवलं. आभार वगैरे काही नाही. फाटकाबाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाले, "व्याहीबुवा, खिशाच्या आत आणखी एक खिसा हाय!"

एवढा लेबलांचा भुकेला माणूस, पण माझं लेबल त्याने घेतलं नाही. माझ्या दुकानाच्या तयार सदऱ्यांसाठी मी मुंबईहून खास लेबल विणून आणलं होतं. निळ्यावर पांढरं गलबत, खाली दुकानाचं नाव. गाठोडं वाहणाऱ्या माणसाचं स्वतःचं लेबल! पहिला सदरा मी व्याह्यांना दिला आणि म्हटलं, लेबल काढून तुमच्या ट्रंकेत ठेवा. त्यांनी कॉलर उलटी केली, चष्मा लावला, बोट फिरवलं आणि कॉलर परत खाली केली. "अजून नवं हाय," म्हणाले. परक्याच्या विजारीसाठी फाटकावर बसणारा माणूस, आणि व्याह्याच्या गलबताला ट्रंकेत जागा नाही. ही माझी एक तक्रार. दुसरी याहून मोठी आहे.

लग्नानंतरच्या दिवाळीत त्यांनी मला ट्रंका दाखवल्या. ते एकेक कापड उलगडत होते, मी जांभया देत होतो, आणि तिसऱ्या ट्रंकेच्या तळाशी माझ्या आईचं लुगडं निघालं.

गर्द जांभळं, रुईफुली काठाचं. आईचं ते एकच चांगलं लुगडं होतं. पदराजवळ निखाऱ्याने भोक पडलं होतं, आणि घरात जांभळा दोरा नव्हता म्हणून तिने काळ्या दोऱ्याने रफू केलं होतं. मुंग्यांची ओळ चालल्यासारखं. मी धंदा काढायचा म्हटलं तेव्हा तिने कोणाला न विचारता ते लुगडं माकुणसारच्या एका खोतिणीला विकलं आणि माझं पहिलं गाठोडं उभं केलं. दुकान बघायला ती राहिली नाही. खोतीणही गेली, तिच्या सुनेने भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणीला ते दिलं, आणि बोहारणीकडून व्याह्यांनी दोन नवी धोतरं देऊन घेतलं. खोतिणीच्या पुढचं हे सगळं ते सांगत होते आणि माझा अंगठा त्या मुंग्यांवर होता.

आता धंद्याचा पहिला नियम काय? हवी असलेली वस्तू हवी आहे असं दाखवायचं नाही. हा नियम माझ्या रक्तात आहे. तोंडाने आपोआप सुरुवात केली.

"हे काय जमवलंय? पोतेऱ्याच्या लायकीचं फडकं."

"फडकं?" व्याही म्हणाले.

"नायतर काय! रंग विटलेला. रफू तर बघा, आंधळ्याने घातल्यासारखा. मी म्हणून नेतो, दुकानात काउंटर पुसायला होईल. बोला, काय द्यायचं?"

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. कॉलरकडे नाही, तोंडाकडे. मग लुगडं माझ्या हातातून हळूच सोडवून घेतलं, घडी घातली, ट्रंकेत ठेवलं. "ज्याला कापडाची किंमत नाय, त्याच्या हातात मी कापड देत नाय," म्हणाले. "नुसतं मागणाऱ्याला दिलं असतं."

मी चपला घातल्या. त्यांनी शेवाळाची आठवण करून दिली.

आईचं आहे असं का नाही सांगितलं, असं बायकोने शंभरदा विचारलं. सुनेच्या माहेरी जाऊन सांगू, की माझ्या आईने अंगावरचं लुगडं विकलं तेव्हा माझं दुकान झालं? आणि सांगितल्यावर भाव वाढला असता तो वेगळाच. मी दुसरे मार्ग काढले. ओळखीच्या एका दलालाला गिऱ्हाईक बनवून तारापूरला पाठवला. व्याह्यांनी त्याला चहा दिला, त्याची कॉलर उलटी केली आणि म्हणाले, "गलबत. व्याहीबुवांना नमस्कार सांगा." मग एका परदेशी साहेबाच्या खानसाम्याला गाठून मी जाड कापडाचं, पितळी बटणांचं आणि कापडावर विणलेल्या लेबलाचं जाकीट मिळवलं आणि लुगड्याच्या बदल्यात द्यायला घेऊन गेलो. लेबल वाचताना व्याह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मला वाटलं, जिंकलो. त्यांनी जाकीट दोनदा हुंगलं, घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत जाऊन पाणी प्यायले. बाहेर आले ते वाडीतल्या नारळांबद्दल बोलत. त्या जाकिटाची घासाघीस करताना खानसाम्याशी माझी मारामारी व्हायची बाकी राहिली होती.

मग सून बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी, तारापूरला. मुलगी झाल्याचा निरोप आला तसा मी दुकानातली उत्तमातली उत्तम अंगडी-टोपडी पिशवीत भरून निघालो. सगळी नवी कोरी, गलबत लावलेली. विहीणबाईंनी पिशवी बघितली आणि कोपऱ्यात ठेवली. "नवं बारशाला. आता जुनेर लागतं. बाळाला पयलं जुन्या माणसाचं कापड गुंडाळायचं, म्हंजे त्यांचं आयुष्य लागतं. आमच्यात बापाच्या घरचं आणतात. पणजीचं असलं तर बेस. तुमच्या आईचं काय हाय का?"

घरात चार बायका होत्या. सून आतून ऐकत होती. बाळ सुईणीच्या हातात, उघडं, तांबडं, बारीक आवाजात रडत होतं. आणि व्याही ट्रंकेवर बसले होते. तिसऱ्या ट्रंकेवर.

माझ्याकडे आईचं काहीही नव्हतं. फोटो नाही, बांगडी नाही. जे होतं त्याच्यावर हा माणूस बसला होता. मी घसा खाकरला.

"व्याहीबुवा, ते जांभळं..."

"कुठचं?"

"माहीत आहे तुम्हाला कुठलं."

"फडकं होय?"

विहीणबाई ओरडल्या, "अवो, पोर गारठतंय!" पण व्याही हलले नाहीत. ज्या माणसाने जन्मात कोणाशी भाव केला नाही, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काय देता?"

माझ्या आयुष्यातला हा एकच सौदा, ज्यात मी निम्म्यावरून सुरुवात केली नाही. मी म्हणालो, "मागाल ते."

"मग माल कसा हाय ते सांगा."

दुसऱ्याच्या मालाला चांगलं म्हणणं म्हणजे दुकानाला कुलूप लावणं, हे मी माझ्या मुलाला शिकवलंय. तो मुलगा दारात उभा होता.

"चांगला आहे," मी म्हणालो.

"आणि रफू?"

मी दारातल्या मुलाकडे बघितलं. मग म्हणालो, "रफू खास आहे. तो माझ्या आईने घातलाय."

व्याही उठले, ट्रंक उघडली, लुगडं काढलं. आपल्या लेबलं कापायच्या कात्रीने त्यांनी पदराकडचा तुकडा कापला. त्यांच्या संग्रहातली ती एकच वस्तू असेल जिला त्यांनी लेबलाशिवाय दुसऱ्या कशासाठी कात्री लावली. बरोबर रफूसकट कापला, आणि सुईणीऐवजी माझ्या हातात दिला. हळूच म्हणाले, "त्या दिवशी तोंड फडकं फडकं म्हणत होतं, पण अंगठा काय रफूवरनं उठत नव्हता. मला ठाऊक होतं. पण मी कसं देणार? तुमी मागतच नव्हता."

नातीला मी आईच्या पदरात गुंडाळलं. रडायची थांबली. व्याह्यांनी लगेच पदराचं टोक बाळाच्या पायाशी धरून चोळलं आणि कान जवळ नेला. काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही.

असं असलं तरी माझी तक्रार मागे घेतलेली नाही. ठाऊक होतं तर तेव्हाच द्यायचं होतं. आणि माझ्या लेबलाचं काय? बारशाला मी पुन्हा विषय काढला. गलबत आता जिल्ह्यात चाललंय, आता तरी ट्रंकेत घ्या म्हटलं. त्यांनी डोकं हलवलं. "थांबा. अजून नवं हाय."

वीज केंद्राचे दिवे पहिल्यांदा लागले त्या सुमारास ते गेले. शेवटच्या आजारात डॉक्टर तपासायला आला तर त्याच्या कोटाची बाही धरून ठेवली होती, असं सून सांगते. दिवसकार्य झाल्यावर विहीणबाईंनी मला ट्रंका बघायला बोलावलं. मी मात्र आधी खुंटीकडे गेलो. तिथे त्यांचा सदरा टांगलेला होता, मी दिलेला. बाह्या विरल्या होत्या, कोपर ठिगळाचं होतं, कॉलर झिजल्यावर उलटवून पुन्हा शिवलेली होती. आत गलबत होतं. निळा रंग उडून करडा झाला होता, शिडाचे दोरे निघाले होते, दुकानाच्या नावातली दोन अक्षरं गेली होती. साऱ्या जगाची लेबलं कापणाऱ्या माणसाने हे जागच्या जागी ठेवलं होतं.

विहीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "येवढे सदरे होते, पण अंगात हाच. मी म्हणायची, टाका तो आता. तर म्हणायचे, टाकतेस कशाला, अजून जरा जुना होऊ दे, मग ठेवायचा हाय."

मी अंगठा आणि बोटाच्या मध्ये कापड धरलं, कानाशी नेलं, चोळलं. मला काही ऐकू येत नाही, ती विद्या माझी नाही. मग सदरा खुंटीवरून काढला, आणि ट्रंकेत न ठेवता अंगात घालून पालघरला आलो. बोईसरला ओळखीचा एक व्यापारी भेटला. म्हणाला, शेठ, हा सदरा तुमच्या मापाचा दिसत नाही.

म्हटलं, नाही. पण अजून जरा जुना व्हायचा आहे.